सिस्टर आणि भाड्याचा जनरेटर

वायरीला उलटा हात लावून सिस्टर म्हणायच्या, "ताप आहे हिले." पेशंटच्या कपाळाला लावतात, अगदी तसाच हात. मग कार्यक्रम कोणाचाही असो, त्या वायरीवरचा कूलर बंद व्हायचाच.

रेल्वेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर होऊन त्या आमच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या गल्लीत राहायला आल्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, न बोलावता येणारं आणि आलं की सगळ्यांना कामाला लावणारं. गणपतीच्या मांडवात गुंडाळलेली एक्स्टेंशन दिसली की त्या ती पूर्ण उलगडून घ्यायच्या. "गुंडाळलेली वायर तापते. तिलेही पाय पसरू द्या!" पोट्टे हसायचे, पण ऐकायचे.

माझ्या मुलीच्या साक्षगंधाच्या दुपारी वादळ आलं आणि लाइट गेली. पाहुणे घामाघूम, आमरसाचे आंबे मिक्सरजवळ तसेच पडलेले. माझे दीर धावत जाऊन भाड्याचा जनरेटर घेऊन आले. एका वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी पिना लावल्या. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की अख्खं घर सुरू!

सिस्टरनी खुर्ची ओढली आणि त्या सॉकेटला पाठ लावून बसल्या.

"काहून भाऊ, गल्लीच्या तोंडाशी खांबावर माणूस चढला, तो दिसला नाही का?"

"त्याचा काय संबंध?" दीर चिडले.

"तुमची वीज इथून उलटी खांबावर जाईल. तो तर लाइन बंद आहे समजून तारेले हात लावून राहिला."

"मेन स्विच बंद करतो ना!"

"अन् विसरले तर? 'विसरलो' म्हणून रडणारे लय पाहिले मी दवाखान्यात."

मुलाकडची मंडळी बघत होती. "सिस्टर, आजचा दिवस तरी..." मी पुटपुटले.

"आजच तर," त्या शांतपणे म्हणाल्या. "शुभ दिवस आहे ना?"

व्याहीच हसत उठले. "सांगा बाई, हा जनरेटर कुठे ठेवू?"

धूर आत येऊ नये म्हणून जनरेटर खिडक्यांपासून लांब, अंगणाच्या टोकाला कोरड्या जागी गेला. दोन पिनांची वायर सिस्टरनी स्वतःच्या पर्समध्ये कोंबली. एक जाड, तीन पिनांची वायर आली आणि पंखा, मिक्सर थेट तिच्यावर लागले. तेही एकावेळी एकच. "मिक्सर फिरेल तोवर पंखा आराम करेल!" मग काय, दोन्हीकडचे पाहुणे "रस! रस!" आणि "वारा! वारा!" असे ओरडू लागले. दोन्ही घरांची ओळख त्या आरडाओरड्यातच झाली. दीरही शेवटी रसवाल्यांत सामील झाले.

लाइट आली, तसा लाइनमन खांबावरून उतरला. सिस्टर स्वतः जाऊन त्याला घेऊन आल्या आणि पंगतीत बसवलं. तिसऱ्यांदा वाटी भरल्यावर तो संकोचून त्याच्या बोलीत म्हणाला, "बस दाई, अतका काबर?" म्हणजे, पुरे आई, एवढं कशाला?

"खा ले, बेटा," एवढंच त्या म्हणाल्या. का, ते त्याला कधीच कळलं नाही.

आता त्या नागपूरला मुलीकडे असतात, उंच इमारतीत. परवा मी फोनवर विचारलं, "करमतं का तिथे?"

"कसलं करमते? इथं लाइट जातच नाही गं," सिस्टर कुरकुरल्या. "माणसं दाराबाहेर निघतील काहून?"