लातूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं

"क्रोमोब्लास्टोमायकोसिस," नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आमचे चेहरे पाहून सोपं करून सांगितलं. माती, कुजका पाला, काटे यांत राहणारी काळसर बुरशी काट्यासोबत कातडीत शिरते आणि वर्षानुवर्षे हळूहळू पसरते. हा कॅन्सर नाही. कोरोनातली 'काळी बुरशी'ही नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

"आधी कुणी बायोप्सी सांगितली नव्हती?"

"नाही," मी म्हणालो. माझी बायको सरू शेजारीच बसली होती.

ते खोटं होतं. चार वर्षांपूर्वी औशाजवळच्या आमच्या शेतात तिच्या घोट्यात बाभळीचा काटा मोडला. काही महिन्यांनी तिथं चामखिळीसारखी गाठ उठली. लातूरच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला सांगितलं, बायोप्सी करू, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासू. गाठीला हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मी तपासणीची चिठ्ठी खिशात घातली. सरूला सांगितलं, मलम दिलंय.

गाठी फुलकोबीसारख्या वाढत गुडघ्याकडे सरकल्या. गावात मी सांगत राहिलो, लातूरच्या डॉक्टरला रोगच कळला नाही. शेवटी अर्धापूरला दिलेल्या लेकीनं आम्हाला नांदेडला नेलं. तुकडा काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

इट्राकोनाझोल, म्हणजे बुरशी मारणाऱ्या कॅप्सूल, सुरू झाल्या. त्यांचा यकृताला त्रास होत नाही ना, हे पाहायला अधूनमधून रक्त तपासतात. त्या रांगेत मला बसवेना. दारापर्यंत जायचो, परत यायचो.

"बसा की खाली," सरू म्हणाली. "पाय माझा दुखतोय अन् फेऱ्या तुम्ही मारताय!"

मी बसलो आणि चिठ्ठीचं सगळं सांगून टाकलं.

"ठाव हाय. दार उघडंच व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचं तोंड पाहिलं. वाटलं, कॅन्सरच हाय अन् तुम्ही लपवताय. तीन वर्सं तेच धरून जगले मी."

आत जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. गावातही सांगितलं. लातूरच्या डॉक्टरांचा काही दोष नव्हता. तपासणी मी टाळली. कुणाची जखम भरत नसेल तर ती तपासून घ्या, आणि काय निघालं ते ज्याचं त्याला सांगा.

आता गाठी बसत आल्यात. मागच्या वेळी डॉक्टरीणबाई सरूला म्हणाल्या, "मावशी, अजून सहा महिने तरी गोळ्या घ्याव्या लागतील. कंटाळू नका."

"घेते की," सरू म्हणाली. "आता लई दिस हायत मला."