सौभाग्यवतींना विचारून येते

नातीचा तो व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला तो भाजीवालीच्या फोनवर. डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या फाटकाशी ती बसते. मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "आजी, ही तुमचीच ना? हिरव्या ड्रेसातली?"

मी चष्मा पुसून पाहिलं. आमचीच होती. ठाण्याच्या एका मॉलमध्ये, सिनेमाच्या जाहिरातीच्या कार्यक्रमात, एका बड्या नटासमोर माइक धरून उभी. नात एका वेब चॅनलसाठी मुलाखती घेते. तिने विचारलं होतं, या भूमिकेची तयारी कशी केलीत. नट म्हणाला, "तू अशी समोर उभी राहिल्यावर तयारी कुणाला आठवणार? हे प्रश्न जाऊ देत. नंतर एकटी भेट, निवांत मुलाखत देतो." आजूबाजूचे हसले. नातही हसली. मग तिने पुढचा प्रश्न विचारला. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद. भाजीवालीने मला ते तीनदा दाखवलं आणि वर मूठभर कोथिंबीर घातली. एरवी मागूनही देत नाही.

संध्याकाळपर्यंत इमारतीच्या ग्रुपवर मतदानच सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या माणसाने कौतुक केलं तर बिघडलं कुठे. त्यांच्या सौ.चं म्हणणं, मुलींनी ड्रेस जरा बघून घालावेत. ड्रेस गळ्यापासून घोट्यापर्यंत होता, पण हिरवा होता. तळमजल्यावरच्या तरुण मंडळींनी नटाला दोन दिवस शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याच गाण्यावर पार्किंगमध्ये नाचाची प्रॅक्टिस केली. मधल्या काळात नटाने माफीही मागून टाकली. म्हणाला, माझ्याही घरी आई-बहीण आहे. असतात, सगळ्यांच्याच घरी असतात. त्यांच्या हातात कुणी माइक देत नाही, म्हणून त्या सुखरूप.

पण सगळ्यात जास्त अंगठे मिळाले ते आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या अध्यक्षांना. त्यांनी लिहिलं, "हसायचं कशाला? तिथल्या तिथे वाजवायची! हिच्या आजीने नव्हती का मोहन्याच्या गणपतीत एका नटाची बोलती बंद केली? ते खरं पाणी!"

खाली एकवीस अंगठे. त्यातला एक माझा होता. अंगठा द्यायची मला सवय आहे.

आता मोहन्याचं सांगते. मोहने म्हणजे कल्याणजवळचं गाव. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी आमचे हे तिथल्या कारखान्यात होते आणि आम्ही कॉलनीत राहायचो. कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी कुणातरी कलावंताची प्रकट मुलाखत ठेवत. त्या वर्षी रंगभूमीवरचा एक नावाजलेला नट यायचा होता. मुलाखत घ्यायला माझी निवड झाली, कारण महिला मंडळात 'ण' आणि 'ळ' स्वच्छ म्हणणारी मीच होते. मला वाटलं, माझ्या व्यासंगामुळे. व्यासंग म्हणजे वाचनालयातून आणलेली दोन मासिकं, त्यातलं एक अर्धं. आठ दिवस मी आरशासमोर "रसिकहो" म्हणत होते. बारा प्रश्न रेघांच्या कागदावर आकडे घालून लिहिले. उत्सवाचे कार्यवाह रोज येऊन एकच सांगत, "वहिनी, पाहुणे खुलले पाहिजेत हो."

पाहुणे चौथ्या प्रश्नाला खुलले. म्हणाले, "बाई, तुमचे प्रश्न फार छान, पण माझं लक्ष तुमच्या गजऱ्यावरून हलत नाहीये. यजमान आलेत का? नसतील तर घेऊनच जातो तुम्हाला." मंडपात हशाच हशा.

यावर मी काय म्हणाले, ते आमच्या सगळ्या गोतावळ्याला पाठ आहे. मी म्हणाले, "माझ्या यजमानांना विचारायची गरज नाही. तुमच्या सौभाग्यवती दुसऱ्या रांगेत बसल्यात, त्यांना विचारून येते." टाळ्या. नट गप्प. मी विजयी.

हे मी भिशीत सांगितलंय, कोजागिरीला सांगितलंय, मुलाच्या लग्नात विहीणबाईंना सांगितलंय. कट्ट्यावर तर दर महिलादिनी माझ्याकडून सांगून घेतात. आणि हे मी बोललेच नव्हते.

बोलायला हवं होतं, हे मला चौथ्या दिवशी सुचलं, तांदूळ निवडताना. ठाण्याच्या बहिणीला सांगितलं तेव्हा "मी असं म्हणणार होते" असंच सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत त्याचं "म्हणाले" झालं. पुढे पुढे आमच्या ह्यांनाही ते आठवायला लागलं. ते तर मंडपात समोर बसले होते. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी टाळ्या किती वेळ चालल्या तेही सांगितलं. नवऱ्याची साक्ष मिळाल्यावर मीही शंका घ्यायचं सोडून दिलं.

तर नात. आठ दिवस घरातच होती. चॅनलच्या सरांनी तिला सांगितलं होतं, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करून पाठव: "आमची थट्टामस्करी चालली होती, मला काही वाटलं नाही, विषय संपला." शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. नाहीतर मुलाखती बंद, ऑफिसात बसायचं. त्या नटाचा पुढचा सिनेमाही यायचा होता, आणि त्याच्या माणसांनी चॅनलला स्पष्ट कळवलं होतं की आधी हे मिटवा.

मंगळवारी सकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मी थालीपिठं लावत होते.

"मी करून टाकते तो व्हिडिओ," ती म्हणाली.

"तुला काही वाटलं नाही का?"

"वाटलं ना. घाण वाटलं. पण मी हसले ना गं आजी. सगळ्यांनी बघितलंय. हसल्यावर आता काय तोंडाने बोलू? सगळे तेच विचारतायत, तिथेच का नाही बोललीस. बरोबरच आहे त्यांचं. तुला सुचलं, मला नाही सुचलं. माझ्यात तेवढा दमच नाहीये."

खरं सांगायला याहून चांगली वेळ आयुष्यात येत नाही, हे मला कळत होतं. मी तिला आणखी एक थालीपीठ वाढलं. लोणी जास्त घातलं.

बुधवारी फोन आला. ते जुने कार्यवाह, आता ऐंशीच्या पुढचे, कल्याणला मुलाकडे असतात. त्यांच्या सुनेने त्यांना व्हिडिओ दाखवला होता. आवाज मात्र तोच, मंडपातला. "वहिनी, आपल्या मुलाखतीची कॅसेट माझ्याकडे आहे! उत्सवाचं सगळं मी टेप करायचो ना. तुमचं ते सडेतोड उत्तर आपण सगळीकडे पाठवू. नातवाला सांगतो, तो मोबाइलवर घेईल."

मी म्हणाले, "भावजी, कशालाही हात लावू नका. मी येते."

आमच्या सुनेला सांगितलं, कल्याणला लग्नाची साडी बघायची आहे. तिने कुणाच्या लग्नाची असंही विचारलं नाही. माझ्यावर घरात एवढा विश्वास आहे. रिक्षाने कल्याणला जाताना माझ्या डोक्यात दोन बेत होते. एक म्हणजे कॅसेट बघायला म्हणून मागून घ्यायची आणि हरवायची. दुसरा म्हणजे तिथेच चहा सांडायचा. खरं सांगून टाकावं, हा बेत तिसराही नव्हता.

भावजींनी टेपरेकॉर्डर पुसून, नवे सेल घालून टीपॉयवर मांडून ठेवला होता. त्यांच्या सुनेने चहा आणला. बेत क्रमांक दोनसाठी कप हातात आलाही, पण तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं.

आधी खरखर. मग त्यांचाच तरुण आवाज: "पाहुण्यांच्या सौभाग्यवती प्रकृतीच्या कारणाने आज येऊ शकल्या नाहीत, याचं आम्हा सर्वांना दुःख आहे."

दुसरी रांग तिथेच संपली. बाई कार्यक्रमालाच नव्हत्या. पंचेचाळीस वर्षं मी एका गैरहजर बाईला विचारून येत होते.

मग मी. "रसिकहो." बाई बाई, काय तो आवाज. साखरेच्या पाकातून काढल्यासारखा. मग एक, दोन, तीन, चार. मग नट, गजरा, यजमान. मंडप हसला. त्या सगळ्या हसण्याच्या वर, माइकच्या अगदी जवळून, एक हसू ऐकू आलं. माझं. लांबलचक, आणि मध्येच श्वास अडकलेलं. त्यानंतर कागदांचा आवाज, बराच वेळ. आणि मग, "तुमचं बालपण कुठे गेलं?"

आभार मानायचं कामही माझ्याकडेच होतं. मांडववाल्यांचे आभार, लाउडस्पीकरवाल्यांचे आभार, "आणि आमच्यासारख्या सामान्य गृहिणींशी इतक्या मोकळेपणाने वागल्याबद्दल" पाहुण्यांचे विशेष आभार. हे मात्र मी साफ विसरले होते.

भावजींनी टेप थांबवली. सून हळूच आत गेली. मग ते म्हणाले, "टेप मध्ये तुटली होती बहुतेक. मी चिकटवली असेन. तुमचं उत्तर त्यात गेलं."

इतका सभ्य माणूस आहे. मी हो म्हटलं असतं तर ते मरेपर्यंत तसंच सांगत राहिले असते.

"नाही तुटली, भावजी," मी म्हणाले.

"नाही," ते म्हणाले. मग टीपॉयकडे बघत म्हणाले, "मी तुम्हाला विंगेतून खूण केली होती. पुढचा प्रश्न घ्या म्हणून. आठवतं?"

आठवत होतं. दोन्ही हातांनी केली होती, बस मागे घेताना करतात तशी.

टेपरेकॉर्डर आणि कॅसेट मी पिशवीत घालून घरी आणली. वाटेत सहा-सात वेळा वाटलं की पिशवी रिक्षात राहून जावी. हल्ली मी चष्मा विसरते, किल्ल्या विसरते, पण हवी तेव्हा एक गोष्ट विसरत नाही.

नातीला समोर बसवलं आणि काही न सांगता लावलं. तिने सगळं ऐकलं. सौभाग्यवतींच्या प्रकृतीला ती हसली नाही, मला वाटलं होतं हसेल. हसण्याच्या जागेवर तिने टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे घेतली.

"म्हणजे तू काहीच बोलली नाहीस."

"बालपणाचं विचारलं."

"आजी, मी शाळेत निबंध लिहिलेला यावर. 'माझी आदर्श व्यक्ती'. बक्षीस मिळालेलं!"

"मला माहितेय. मीच शुद्धलेखन तपासलं होतं."

"शी! आठ दिवस मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी कमी आहे. आठ दिवस! आणि तू मला थालीपिठं खायला घालत होतीस?"

याला उत्तर चौथ्या दिवशी सुचेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नव्हता.

ती उठून खिडकीशी गेली. तिकडेच बघत तिने विचारलं, "हा कागदांचा आवाज एवढा कसला आहे?"

"पाचवा प्रश्न सापडत नव्हता. कागद समोरच होता. हात हलत होता, त्यामुळे वाचता येत नव्हतं."

"मग हसलीस का?"

"दुसरं काय करणार होते? दोनशे माणसं बसलेली. हसलं की तो क्षण पुढे सरकतो. एवढंच."

"मला पण तेच," ती म्हणाली. पण माझ्याजवळ आली नाही. रात्रीचं जेवणही तिने स्वतःचं स्वतः वाढून घेतलं.

गुरुवारी मी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं: मोहन्याचं उत्तर मी दिलं नव्हतं, नंतर रचलं होतं, कॅसेट माझ्याकडे आहे, कुणाला ऐकायची असल्यास दुपारी चारनंतर यावं. अर्ध्या तासाने अध्यक्षांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. बँकवाल्यांच्या सौ.नी लिहिलं, "काकू, पण उत्तर फार छान होतं. द्यायला हवं होतंत." कॅसेट ऐकायला कुणी आलं नाही. महिलादिनाला आता कट्ट्यावर पाककृती स्पर्धा ठेवणार आहेत असं कळतं.

शुक्रवारी पाच वाजता नातीने फोन फ्लॉवरपॉटला टेकवला आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ केला. मी दारात उभी होते, तिने जा म्हटलं नाही. ती म्हणाली, "मी हसले होते. ते मला आवडलं म्हणून नाही. मला पुढचा प्रश्न विचारायचा होता, आणि तिथून सुटायचा मला तेवढाच रस्ता दिसला. ते बोलणं मला घाण वाटलं. आजही वाटतं." सून मागून म्हणत होती, "आई, तिला सांगा ना, नीट विचार कर म्हणावं." मी म्हटलं, "मी सांगितलेलं तिने ऐकावं, असं माझं सध्या काही राहिलेलं नाही."

तिने तो सरांना पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला.

"हो सर, मीच पाठवलाय. नाही सर, चुकून नाही."

चॅनलने तो दाखवला नाही. तिने स्वतःच्या पानावर टाकला. लोकांनी तिथेही मतदान केलं. सोमवारपासून तिला ऑफिसात बसवलंय. दुसऱ्यांनी घेतलेल्या मुलाखतींखाली ती सबटायटल्सची अक्षरं लावते. मुलाखती परत मिळतील की नाही, सर सांगत नाहीत. माझ्याशी ती आता बोलते, थालीपीठ नको म्हणते.

परवा एका मुलाखतीत कुणी गायक असंच काहीतरी बोलला आणि विचारणारी मुलगी हसली. अशा जागी खाली कंसात 'हशा' असं लिहायची त्यांच्याकडे पद्धत आहे. नातीने लिहिलं नाही. सरांनी विचारलं, मग तिथे काय लिहायचं?

"काही नाही सर. तिला विचारून लिहू. तिचा नंबर आहे माझ्याकडे."

सर म्हणाले, बघू. तिने तोवर फोन लावलाही होता.