गेमचं यंत्र आणि माझा जाहीर सत्कार

चहा आधी संपवून घ्या. मधेच ठसका लागला तर मला बोल लावू नका. कारण शाल पांघरून, नारळ हातात घेऊन, भर सभेत स्वतःची अब्रू घालवणारा माणूस तुम्ही अजून बघितला नसेल. तो आत्ता तुमच्यासमोर बसलाय!

आमचं संभाजीनगरात, औरंगपुऱ्यात खेळण्यांचं दुकान. वडिलांपासूनचं. कॅरम, बॅटी, सापशिडी, शटलकॉक. गल्ल्यावर मी बसायचो आणि आतला माल माझी बायको मंदा बघायची. अलीकडं पोरं दुकानात यायची ती सावलीला उभं राहून मोबाईल बघायला. अशात एका कंपनीनं हातात धरून खेळायचं गेमचं नवं यंत्र काढलं, आणि आख्ख्या शहराची एजन्सी कुणाला मिळाली? मला! मी पेढे वाटले. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या रशीदभाईंना दोन जास्तीचे दिले.

माल घेऊन कंपनीचा निखिल पुण्याहून आला. गुणी माणूस. जाताना म्हणाला, "काका, एक डेमो पीस गल्ल्यावर ठेवा आणि गिऱ्हाईकांसमोर खेळत राहा. लोक बघतील, मग घेतील. दिवाळीपर्यंत खप दिसला नाही, तर एजन्सी शहागंजातल्या व्यापाऱ्याकडं जाईल. वरून तसं सांगितलंय."

आता मला सांगा, 'खेळत राहा' म्हटल्यावर माणसानं काय करायचं? मी खेळत राहिलो.

त्यात एक माकड होतं. त्याला ओंडक्यांवरून उड्या मारत नदी पार करून द्यायची. बस्स, एवढंच! पहिल्या दिवशी ते बुडालं. दुसऱ्या दिवशीही बुडालं. मला जेवण गोड लागेना. हसताय काय? तुमच्या हातातून कुणी बुडालं तर तुम्हाला लागेल का गोड? मग मी सकाळी शटर वर केलं की जो बसायचो, तो चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड उघडं आणि जीभ एका कोपऱ्यात.

"ओ दत्ताभाऊ, शटलकॉक दाखवा की."

"थांबा ताई, ओंडक्यावर हाय तो."

"कोण?"

"माकड! आता बोलू नका!"

मग आतून मंदा यायची आणि शटलकॉक द्यायची. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला नदी सोडून काही दिसत नव्हतं.

आणि गंमत बघा, यंत्र एक खपेल तर शपथ. पण गर्दी? अहो, शाळा सुटली की बाया आपापल्या पोरांना हाताला धरून दुकानासमोर हजर! माझ्याकडं बोट दाखवून पोरांच्या कानात काहीबाही सांगायच्या. पोरं डोळे फाडून बघायची. मी मनात म्हणायचो, दत्ता, हवा झाली बरं का तुझी!

निखिलचा फोन आला. "काका, खप का नाही?"

माझ्याकडं कारणांना काय तोटा! "अरे, लोकांच्या हातात मोबाईल हाय, त्यात गेम फुकट. ह्याची किंमत लई. वर चार-दोनच गेम दिलेत, त्यात क्रिकेटचा एक नाय. आपल्याकडं क्रिकेट नसलेल्या वस्तूला कोण इचारतं? बरेच जण म्हणतात, थांबू, दिवाळीत स्वस्त होईल. पण तू काळजी करू नको. बघणारे लई हाईत. तवा तापलाय, भाकरी पडायची तेवढी बाकी हाय."

रशीदभाईंनी मला एकदा हटकलं होतं, खोटं कशाला बोलू. चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "दत्ताभाई, बुरा नक्को मानो. ये औरतां मशीन देखने नहीं आ रै."

"मग काय मला बघायला येतात?"

रशीदभाईंनी कप माझ्याकडं आणखी सरकवला. मग म्हणाले, "चाय पियो. ठंडी हो रई."

आणि एक दिवस प्रमिलाताई आल्या. आमच्या भागातल्या बायकांच्या भिशी मंडळाच्या त्या अध्यक्ष. त्यांना बघून मी माकड थांबवलं. एवढा मान मी कुणालाच दिला नव्हता.

"भाऊ, रविवारी मंडळाच्या कार्यक्रमाला या. तुमचा सत्कार ठेवलाय."

"माझा? कशाबद्दल हो?"

"ते काय असं गल्ल्यावर सांगायचं? तिथं बोलूच की. लई उपकार हाईत तुमचे आमच्यावर."

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सत्कारमूर्तीनं कारण दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. हावरा दिसतो माणूस. म्हणून मी मनाशीच ठरवून टाकलं की शहरात नवं तंत्रज्ञान आणल्याबद्दल हा सत्कार. लगेच निखिलला फोन लावला. "गाडी पकड आणि ये! सत्कार होतोय माझा. आता एजन्सी कशी जाते ते बघतोच!"

मंदा शर्टाला इस्त्री करत होती. म्हणाली, "अहो, सत्कार कशाबद्दल हाय ते तरी इचारलं का?"

"नवऱ्याचं कौतुक होतंय, तर त्यातबी तुला शंका!"

तिनं कॉलरवर आणखी एकदा इस्त्री फिरवली.

रविवारी हॉल भरलेला. बाया, पोरं, मागं रशीदभाई. पुढच्या रांगेत निखिल, साहेबांना दाखवायला मोबाईलवर चित्रण करत. प्रमिलाताईंनी शाल घातली, नारळ दिला. आता त्या बोलणार आणि मग मी, असा क्रम होता. पण मला कुठला धीर! मी माईकच धरला.

"बहिणींनो! मी साधा दुकानदार. पण माझ्याकडं बघून तुमच्या घराघरांत नवं वारं शिरलं असणार, या विचारानं ऊर भरून आला." टाळ्या! "तुम्ही लेकरांना घेऊन दुकानासमोर उभ्या राहायच्या, ते मी बघत होतो." आणखी टाळ्या! मग काय, मी सुटलोच. "देवाकडं एकच मागणं हाय. इथं बसलेलं प्रत्येक लेकरू मोठं होऊन माझ्यासारखं होवो!"

एका बाईनं पोराच्या कानांवर हात ठेवले. दुसरी पुटपुटली, "इडा पिडा टळो."

प्रमिलाताईंनी माझ्या हातातून माईक हळूच काढून घेतला. "भाऊ, असं अभद्र बोलू नका ओ. लेकरं हाईत समोर."

आणि मग त्यांनी सत्काराचं कारण सांगितलं.

"आमच्या पोरांच्या हातातला मोबाईल सुटत नव्हता. मारून झालं, समजावून झालं. मग एक दिवस हे भाऊ दिसले. मी माझ्या पोराला उभं केलं आन् म्हटलं, बघ, गेमच्या नादी लागून माणसाचं काय होतं. हाक मारली तर ओ नाय. गिऱ्हाईक उभं हाय तर दिसत नाय. ओठावर माशी बसली तरी पत्ता नाय! पोरगं असं भ्यालं, घरी येऊन मोबाईल कपाटात ठेवला. मग मी शेजारणीला सांगितलं, तिनं तिच्या बहिणीला. जे मास्तरांना जमलं नाय ते भाऊंनी नुसतं बसून केलं. भाऊ, लई उपकार झाले!"

हॉलमध्ये एवढ्या टाळ्या पडल्या की विचारू नका. निखिलचा मोबाईलवाला हात हळूहळू खाली आला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काका, हे यंत्र हळू का खपतंय म्हणून आमच्या हापिसात सगळे डोकं खाजवतायत. बाकीच्या गावांचं माहीत नाही, औरंगपुऱ्याचं कळलं." पण रागावला नाही हो. माझ्या पाया पडला, डेमो पिसासकट सगळी यंत्रं उचलली आणि शहागंजाला गेला. एजन्सी गेली ती गेलीच.

मी घरी आलो, शाल काढली आणि मंदासमोर मान खाली घालून बसलो. आता दुकान कसं चालायचं? तर ती म्हणाली, "चाललंय की. कॅरम संपलेत, नवे मागवा."

"संपले? कधी?"

"पोरांचा मोबाईल काढून घेतल्यावर त्यांच्या हातात काहीतरी द्यायला नको का? बाया तुम्हाला बघायच्या आन् जाताना माझ्याकडून कॅरम न्यायच्या. बॅटीबी गेल्या, सापशिडीबी."

"मग मला थांबवलं का नाय तू?"

"तुम्हाला थांबवलं असतं, तर कॅरम कुणी घेतले असते?"

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी माकडाला नदी पार करवत होतो, आणि ही बाई मला आणि दुकानाला एकटी पार नेत होती, चकार शब्द न बोलता. त्या आयाही बघा. माझी जिरवली खरी, पण माझ्या वडिलांचं दुकान त्यांनीच उभं ठेवलं. असे लोक भेटायला नशीब लागतं. दुसऱ्या दिवशी मी मंदाला गल्ल्यावर बसवलं, स्वतः फडकं घेतलं आणि नव्या कॅरमवरची धूळ पुसायला लागलो. एकदम ताठ, तोंड मिटून, गिऱ्हाईकाकडं लक्ष देऊन.

एवढ्यात एक बाई पोराला घेऊन आली. माझ्याकडं बघून तिचा चेहरा पडला. "आज बंद हाय का ओ?"

"नाय ताई, दुकान उघडं हाय की."

"दुकानाचं नाय इचारलं. तुमचं इचारलं. फर्दापूरहून आलोय आम्ही."

ऐका! जगभरातले लोक संभाजीनगरहून फर्दापूरला जातात लेणी बघायला, आणि ही माउली फर्दापूरहून आली होती मला बघायला!

एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं? उपकाराची फेड करायला नको? पण यंत्र तर निखिल घेऊन गेलेला. मी गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर दोन्ही हातांत धरला, चष्मा नाकावर ओढला, तोंड उघडं टाकलं आणि अंगठ्यांनी बटणं दाबत बसलो.

पोरानं वाकून बघितलं आणि आईचा पदर ओढला. "आई, ह्यांच्याकडं गेमच नाय! कॅल्क्युलेटर हाय नुसता!"

बाईनं त्याला पोटाशी धरलं. "बघितलं ना बाळा? शेवटाला असं होतं."