मिस्टर हान आणि त्याचा उजवा गुडघा

ज्याचा पाय तुमच्या हातात असतो, तो माणूस पळून जाऊ शकत नाही आणि गप्पही बसत नाही. नव्वदच्या दशकात मी दुबईतल्या एका फुटबॉल क्लबात फिजिओथेरपिस्ट होतो. तेव्हापासून इतके किस्से साठलेत, की जेवायला येणारे पाहुणे पुरत नाहीत! त्यातले निम्मे एकट्या मिस्टर हानचे.

हान कोरियाचा. बारा वर्षं व्यावसायिक डिफेंडर, वय तेहतीस, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. क्लबने त्याला एकाच सीझनसाठी घेतलं होतं. त्याला आणखी एक सीझन खेळायचं होतं, आणि गुडघ्याचा रिपोर्ट लिहिणार होतो मी!

*

पहिल्याच आठवड्यात त्याला बर दुबईच्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. त्याने बूट काढले, वाकून नमस्कार केला आणि माझ्या बायकोला विचारलं, "मॅडम, वय किती?"

बायको मला म्हणाली, "यांना म्हणावं, पोळी गरम मिळेल. वय मिळणार नाही!"

"आई, जस्ट टेल हिम ना!" इति आमची लेक.

मग हानने खुलासा केला. त्यांच्याकडे कोण मोठं हे कळल्याशिवाय किती वाकायचं ते ठरत नाही. मी आठ वर्षांनी मोठा निघालो. तेव्हापासून तो मला दोन्ही हातांनी पाणी द्यायला लागला, क्लबच्या मॅनेजरसमोरसुद्धा! आपण पगार नेमका कोणत्या स्टारला देतोय, अशा नजरेने मॅनेजर आमच्याकडे बघायचा.

*

एकदा तो करिअरचा अल्बम घेऊन आला. प्रत्येक फोटोत दुसराच कुणीतरी गोल मारून नाचतोय.

"तू कुठेयस?"

त्याने कोपऱ्यातल्या एका पाठीवर बोट ठेवलं. "हा मी." पुढच्या फोटोत अर्धा खांदा. "हा पण मी!" एका फोटोत तो सापडेच ना. खाली स्कोअर होता, एक-शून्य.

हान म्हणाला, "हे शून्य आहे ना, ते माझं!"

*

पट्टी बांधताना माझा पाय त्याच्या पायाला लागला. सवयीने मी त्याच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला.

"पाय लागला की असं करायचं? नेहमी?"

"नेहमी!" मी काय बोलून बसलो, ते पुढच्या मॅचला कळलं. हानने समोरच्या स्ट्रायकरला आडवा केला, त्याच्या पायाला हात लावला, कपाळाला नेला. पुन्हा पाडलं, पुन्हा नमस्कार! हाफटाइमला रेफरी माझ्याकडे आला.

"हे काय चाललंय?"

"माफी मागतोय."

"पंचेचाळीस मिनिटांत नऊ वेळा?"

"त्याचं कामच तसं आहे, सर!"

*

सुट्टीच्या दिवशी बाहेर खेळायला मी त्याला सक्त मनाई केली होती. एका शनिवारी तो आला तेव्हा गुडघा टम्म सुजलेला.

"बाथरूममध्ये घसरलो."

त्याच्या कानात वाळू होती. शुक्रवारच्या सुट्टीत अल क्वोजच्या वस्तीतल्या कामगारांबरोबर हा पठ्ठ्या वाळूत फुटबॉल खेळून आला होता! मी भयंकर चिडलो. "बाथरूममध्ये गोलपोस्टपण आहे का?"

त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "डिफेंडर नाही. सेंटर फॉरवर्ड खेळलो. दोन गोल!" त्याचा चेहरा इतका खुलला होता, की माझा राग टिकलाच नाही.

*

सीझन संपला. हान टेबलावर आडवा, गुडघा माझ्या हातात, मॅनेजर शेजारी उभा. गुडघा वाकवला की आतून करकर आवाज यायचा. खोटं लिहिलं असतं तर तो आणखी वर्षभर खेळला असता आणि मग जन्मभर लंगडला असता. मला फार वाईट वाटत होतं. 'यापुढे खेळता येणार नाही' असं लिहून मी कागद मॅनेजरला दिला. हानला न सांगताच कळलं. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

बाहेर ज्युनियर टीमची प्रॅक्टिस चालू होती, कोचाविनाच. मॅनेजर वाचतोय तोच हान एकदम उठून बसला आणि खिडकीतून ओरडला, "हमदान! मागे बघ, मागे!" हमदान वळला आणि त्याने बॉल अडवला. "आता लाइन वर! यल्ला, चला, सगळे वर!" चारही डिफेंडर एका रेषेत पुढे सरकले आणि समोरचा गडी ऑफसाइड!

मग हानला भान आलं. ओशाळून तो पुन्हा आडवा झाला. "सॉरी, बॉस."

मॅनेजरने खिडकीबाहेरच्या पोरांकडे एकदा पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

"गुडघा खलास, ते वाचलं मी. डॉक्टर, गळ्याचा रिपोर्ट कुठाय?"