कुंदनची गाडी ठरत नव्हती

सातपूरच्या कारखान्यात सुटे भाग तपासणं हे कुंदन कुटेचं काम. खोट काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यामुळे दोन एसयूव्हींमधली कुठली घ्यावी याचा घोळ त्याने महिनोन् महिने घातला, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही.

एक पांढरी, डिझेलची, दणकट. दुसरी निळी, पेट्रोलवर चालणारी ऑटोमॅटिक. पांढरी घाट हसत चढेल, पण आईला मागे चढून बसायला उंच पडेल. निळीची डिकी ऐसपैस, पण ओव्हरटेक करताना दम लागतो म्हणे. संध्याकाळी पांढरी पक्की व्हायची आणि सकाळी चहा निवेपर्यंत तो निळीचे व्हिडिओ बघत बसायचा. जेवताना मधेच उठून पार्किंगमध्ये शेजाऱ्याची गाडी न्याहाळून यायचा.

"अहो, मला बघायला आलात तेव्हा अर्ध्या तासात होकार दिलात," बायको, तेजस्विनी, म्हणाली. कुंदन हसला नाही.

टेस्ट ड्राइव्हसाठी शोरूमचे फोन यायचे. कधी कंपनीत ऑडिट निघायचं, कधी त्याचं डोकं दुखायचं. तेजस्विनीला खरं कारण कळत होतं. दोन वर्षांपूर्वी सप्तशृंगी गडावरून उतरताना जुन्या गाडीचे ब्रेक तापून लागेनासे झाले होते. कुंदनने गाडी दरीकडे जाऊ न देता डोंगराला घासत नेली आणि थांबवली. सगळे वाचले, फक्त त्याच्या आईचा, कुसाबाईंचा, हात मोडला. लोकांनी पाठ थोपटली, पण त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. कामाला कंपनीची बस, सायखेड्याला गावी जायचं तर एसटी.

शेवटी एका रविवारी तेजस्विनीनेच फोन केला आणि नवऱ्याला, सासूला रिक्षात घालून पाथर्डी फाट्यावरच्या शोरूममध्ये नेलं. पांढरी तिने स्वतः चालवून पाहिली. लायसन्स होतं, सवय नव्हती. चौकात गाडी दोनदा बंद पडली, मागून हॉर्नचा कल्लोळ. कुंदन शेजारी घामाघूम.

मग पुढच्या शोरूममधली निळी. सुनील नावाचा सेल्समन कुसाबाईंशेजारी मागे बसला. क्लच नसल्याने तेजस्विनीला ती सोपी गेली. विल्होळी ओलांडल्यावर रस्ता मोकळा झाला. तिने गाडी कडेला घेतली आणि खाली उतरली.

"आता तुम्ही."

"नको. तू चालवतेयस ना नीट."

"मग घरी जाऊन पुन्हा व्हिडिओ बघणार?"

कुंदन जागचा हलला नाही. सुनील बिचारा खिडकीबाहेर बघू लागला. तेवढ्यात कुसाबाई मागून म्हणाल्या, "हात माझा मोडला व्हता, तुझा नाय. मी बसलीये ना मागं? मंग तुला कसलं भ्याव?"

"आई, तुला काही झालं असतं तर..."

"झालं नाय ना? लय इचार करतो तू. बस."

तो उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि बसला. आरसे लावले, पुन्हा लावले. ब्रेक तीनचारदा दाबून पाहिला. मग गाडी हळूच रस्त्यावर घेतली. ट्रक हॉर्न मारत पुढे जात होते. एका पेट्रोल पंपाशी त्याने गाडी आत घेतली आणि थांबवली. "आता तू चालव," तेजस्विनीला म्हणाला आणि किल्ली काढायला चाचपडला, तर किल्लीचं भोकच नव्हतं. ही गाडी बटणाने चालू-बंद होते हेसुद्धा तो विसरला होता.

घरी निळीच आली. तेजस्विनीला जमते ती, एवढ्यावर ठरलं. कुंदन हल्ली तीच घेऊन कामाला जातो. सायखेड्याचा सरळ रस्ताही त्याला जमू लागलाय. परवा कुसाबाईंनी गडाचं नाव काढलं, तेव्हा तो उठून गॅलरीत गेला आणि तिथूनच म्हणाला, "जाऊ. पण उतरताना स्टिअरिंग हिच्याकडे देईन."