जित्ता दाखवा, मग लेक न्या!

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकच सिनेमा पाहिला. दोनदा. पहिल्यांदा त्यातला हिरो मेला, दुसऱ्यांदा मेला नाही.

पहिली वेळ नांदेडची. मी तिथं एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. बायकोला, म्हणजे महानंदाला, दिवस गेले होते, म्हणून तिची आई उदगीरहून आली होती. (सासूला आमच्याकडं मामी म्हणतात.) मामींवर जरा छाप पाडावी म्हणून मी दोघींना नवाकोरा सिनेमा दाखवायला नेलं, तेही बाल्कनीत! हिरो इतका गुणी, की "महादेवा, आमच्या महानंदाला असलंच लेकरू दे," असं मामी सगळ्या थेटराला ऐकू जाईल असं म्हणाल्या. आणि शेवटी त्या गुणी पोराला गोळी लागली, अन् आईच्या मांडीवर डोकं ठेवून त्यानं प्राण सोडला.

"अय्यो शिवा!" मामींनी पदर टाकून महानंदाचे डोळे झाकले. घरी आल्या आल्या त्या पिशवी भरायला लागल्या. स्वतःची नाही, महानंदाची!

"पोटुशी पोरीला कुणी मरण दाखवतंय का, जावईबापू?"

"मामी, खोटं असतंय ते! तो हिरो आत्ता मुंबईत पंख्याखाली जेवत बसला असंल."

"मंग तसं दाखवायला काय झालं त्यांला?"

"आता सिनेमा लागला ना मामी. झाल्यावर कसा बदलंल?"

ही माझी चूक. मामींनी पिशवी खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले. "काऊन बदलणार न्हाई? आम्ही निजलो उस्मानाबाद जिल्ह्यात, उठलो तं लातूर जिल्हा! सरकारनं अख्खं उदगीर तिथून काढून हिकडं चिकटवलं. अन् सिनेमाच्या कंपनीला एक पोरगं जित्तं करता येईना व्हय? जित्ता दाखवा, मंग लेक न्या!"

मायलेकी उदगीरच्या बसमध्ये बसल्या. मी स्टँडवर हात हलवत उभा राहिलो.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं हो! महानंदाशिवाय घर खायला उठायचं, आणि मी केलेली खिचडी कुणालाच खाता यायची नाही. दर रविवारी मी उदगीर गाठायचो. मामी दारातच विचारायच्या, "जित्ता झाला का?" नाही म्हटलं की चहा मिळायचा, लेक मिळायची नाही. महानंदा दाराआडून खुणा करायची, "कायतरी करा की!"

मी केलं. ड्रॉइंग मास्तर ना मी! हिरोचं हसतं, धडधाकट चित्र रंगवून नेलं. मामींनी ते उजेडात धरून निरखलं.

"कोण म्हणायचं हे?"

"हिरो आहे, मामी. जिवंत."

"ह्याच्यापरीस मेलेला बरा दिसत होता."

तेवढ्यात तोच सिनेमा लातूरला लागला, आणि मला एक बेत सुचला. मामींना दाखवायचा, पण गोळी सुटायच्या आत "बस सुटंल" म्हणून उठवायचं. म्हणजे हिरो जित्ता आणि लेक माझी! मामींना सांगितलं, "जित्ता झालाय, चला." लातूर तेव्हा नवीन जिल्ह्याच्या तोऱ्यात होतं. नळ कोरडे, पण जिथं तिथं पेंटर शिडीवर चढून नव्या पाट्या रंगवून राहिलेले.

थेटरात शेवट जवळ आला तसा मी उठलो. "मामी, बस सुटंल! चला, चला!"

"बसा खाली!" मामींनी माझं मनगट असं आवळलं, की माझ्या बोटांना मुंग्या आल्या. गोळी सुटली. हिरो आईच्या मांडीवर. आई हंबरडा फोडती. संपलं! महानंदाही गेली अन् तोंड दाखवायची जागाही गेली! मी डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि शिट्ट्या! टाळ्या! डोळे उघडतो तर पडद्यावर दवाखान्याची खाट, आणि खाटेवर हिरो उठून बसतोय!! मी उभा राहून हात जोडले. (मागचे लोक "ए, खाली बस" म्हणून ओरडत होते.) फक्त एक झालं होतं. मरताना त्याला मिशी नव्हती, आणि शुद्धीवर आला तो भरघोस मिशी घेऊन!

"दवाखान्यात कोण दाढी करतंय?" मामी डोळे पुसत म्हणाल्या.

बाहेर डोअरकीपरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "लोकांनी लई बोंब मारली साहेब. कंपनीनं नवा शेवट काढला अन् शेवटचं रीळ बदलून धाडलं." मुंबईतल्या एवढ्या मोठ्या कंपनीनं, माझ्या सासूनं घातलेली अट पुरी केली होती!

हे मामींना सांगायला मी तोंड उघडलं. पण त्या डोक्यावरचा पदर सावरत, कधी नव्हे त्या आदरानं म्हणाल्या, "जावईबापू, तुमची मुंबईत वळख हाय, बोलला न्हाई कधी!"

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी म्हणालो, "हाय थोडीशी."

दुसऱ्या दिवशी उदगीरहून लेक घेऊन निघालो, तर मामींनी रात्रीतून माझ्या वळखीची बातमी गल्लीभर केलेली. टँकरची वाट बघत रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बाया मला बघून उठून उभ्या राहिल्या! मी मान ताठ करून चालत होतो. महानंदा पदराआड हसत होती.

मामी पुढं आल्या आणि सगळ्या गल्लीसमोर हात जोडून म्हणाल्या, "जावईबापू, जाता जाता तेवढं पावसाचंबी सांगा की कुणाला."

सगळ्या घागरी माझ्याकडं तोंड करून. मी दोनदा खाकरलो आणि म्हणालो, "मामी, ती कंपनी वेगळी. तिथं आपली वळख न्हाई."