वाडीतला शेअरबाजार

लग्न होऊन श्रीवर्धनला आले तेव्हा मामंजी मुंबईच्या शेअरबाजारातून कायमचे घरी आलेले होते. एका दलालाच्या वतीनं वीस वर्षं ओरडून त्यांचा घसा पार बसला होता. बोलत ते कुजबुजल्यासारखं. पण बाजाराचा विषय निघाला की खुलत. पूर्वीचे दलाल म्हणे वडाच्या झाडाखाली उभे राहून सौदे करायचे. छप्पर आणि नियम मागाहून आले. बाजार दुपारी बारा ते तीन. गलक्यात ऐकू येत नाही म्हणून हाताची खूण करायची. तळवा स्वतःकडे वळवला की घेतो, बाहेर वळवला की विकतो. समोरच्यानं उलट खूण केली की सौदा पक्का. सही नाही, कागद नाही, आणि माघार तर मुळीच नाही.

रोज बाराला मामंजी काळा कोट चढवून मागच्या पोफळीच्या वाडीत जाऊन उभे राहत. आधी मला हसू आलं. मग एकदा धुणं वाळत घालताना नीट पाहिलं आणि हसू जिरलं. वेडा माणूस हातवारे कुठेही करतो. मामंजी कोणाकडे तरी बघून करत. मध्येच थांबून ऐकत, मान हलवून नकार देत. तीन वाजले की बाजूला सरून कोणाला तरी वाट देत. मी काही भित्री नव्हे, पण त्या तीन तासांत तिकडे पाऊल टाकायची माझी छाती नव्हती.

एकदा ते साडेबारालाच परतले. आज बाजार मध्येच बंद केला, म्हणाले. चार दिवसांनी आगबोटीतून वर्तमानपत्र आलं, त्यात तेच छापलं होतं. सासूबाईंनी तो अंक चुलीत घातला.

त्या उन्हाळ्यात त्यांचा तळवा सारखा बाहेर असायचा. दिवसचे दिवस गिऱ्हाईक नाही. उपाशीपोटी उन्हात उभं राहून अंगावर नुसती कातडी उरली. हे थांबलं नाही तर पावसाळा बघणार नाहीत, असं डॉक्टर सांगून गेले. सासूबाई पाया पडल्या. विकल्याशिवाय सुटका नाही, एवढंच ते म्हणाले. काय विकताय, असं विचारलं की कोटाची बटणं लावू लागत.

शेवटी मी चिडले. सौदाच हवा ना, मग होऊन जाऊ दे! दुसऱ्या दिवशी ताट वाढून झाकून ठेवलं, पदर खोचला, वाडीत शिरले आणि त्यांच्यासमोर उभी राहून तळवा स्वतःकडे वळवला.

"सूनबाई, तू कशाला गं मध्ये आलीस?" मामंजी म्हणाले.

"घेतलं मी. आता जेवायला चला."

ते उभ्याउभ्या रडले. मग घरी येऊन पोटभर जेवले आणि पुन्हा कधी वाडीकडे फिरकले नाहीत. पुढे नातीला अंगाखांद्यावर खेळवलं. सुनेनं माझं कुंकू राखलं, असं सासूबाई साऱ्या आळीला सांगत. त्याचं मला आजही समाधान वाटतं.

पण दुसऱ्याच दिवशी बाराला माझ्या हातातलं काम सुटलं आणि पाय वाडीकडे वळले. पोफळींच्या रांगांमधून माणसं उभी होती. कोट घातलेली, घामेजलेली. सगळ्यांचे तळवे बाहेर. घेणारा एकही नव्हता.

तेव्हापासून आजवर मी रोज बाराला तिथे उभी राहते. नवव्या वर्षी एक दिवस लेक मला जेवायला बोलवायला आली. माझा तळवा बाहेर होता. आजोबांनी तिला खेळता खेळता खुणा शिकवल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. आईची गंमत करावी म्हणून तिनं हसत हात वर केला. तिचा तळवा वळायच्या आत मी तो हात असा हिसडला की तिच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलं.

त्याच आठवड्यात तिला आजोळी पाठवलं, ते कायमचंच. आईला मी नकोशी झाले होते, असं ती आजही म्हणते. मी तिला काही सांगत नाही.